वाट बघणं थांबलं, काम नाही

"टाइमआउट पाच सेकंदांचा लावलाय की ओ दादा, मग पंखा का बोंबलतोय?" राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात नव्या पोरानं आज विचारलं.

लॅपटॉप खरंच तापला होता. पायथनमध्ये फ्यूचरच्या (मागं चालू असलेल्या कामाचा निकाल नंतर हातात देणारी वस्तू) रिझल्टला टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मर्यादा, दिला की वेळ संपल्यावर एरर येते. आतलं फंक्शन मात्र थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच प्रोग्राममधल्या समांतर धाग्यात, निवांत चालूच राहतं. थ्रेड बाहेरून मारायची सरळ सोयच नाही. खरंच थांबवायचं तर वेगळी प्रोसेस (स्वतंत्र चालणारा प्रोग्राम) करायची आणि ती मारायची.

"म्हणजे आपण फक्त वाट बघायचं सोडलं, त्याला कुणी सांगितलंच नाही?" पोरगं हुशार हाय.

आणि सर्व्हरकडून माहिती मागवायच्या पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत तर आपण दिल्याशिवाय टाइमआउटच नसतो. सर्व्हर गप्प, की प्रोग्रामही गप्प. हे डीफॉल्ट मला कधीच पटलेलं नाही.

तुमच्या कोडमध्ये असं काय काय मागं चालू असतं, बघितलंय कधी?