निकाल कुणाच्या बाजूनं?

व्हॅटिकनच्या म्युझियममध्ये टूर मॅनेजरचं काम म्हणजे डोकी मोजणं. परवाना असलेली स्थानिक गाइड इंग्रजीत बोलते, मी त्याचं मराठी करून 38 जणांच्या कानात सोडते. सिस्टाईन चॅपलमध्ये बोलायला बंदी, म्हणून तिथलं सगळं आधीच बाहेरच्या अंगणात उरकायचं. आमच्या मंडळींना मात्र पहिल्यांदा शौचालय कुठंय ते सांगावं लागतं, नाहीतर मायकेलअँजेलोचीसुद्धा धडगत नाही.

अष्टकोनी अंगणातल्या पर्सियस या ग्रीक वीराच्या पुतळ्याला आम्ही मिनिटभर देतो. नेपोलियननं इथला अपोलो देवाचा पुतळा पॅरिसला नेला, तेव्हा पोपनं कानोव्हा या शिल्पकाराचा हा पर्सियस विकत घेतला. त्याच्या दोन बाजूंना कानोव्हाचेच दोन मुष्टियोद्धे आहेत, क्रेउगास आणि डॅमोक्सेनोस. लोक त्यांना प्राचीन ग्रीक समजून फोटो काढतात. प्रत्यक्षात ते 1800 च्या सुमाराचे. गोष्ट तेवढी ग्रीक.

यंदा ग्रुपमध्ये कोल्हापूरकडचे एक वस्ताद होते. कान मोडलेले, गुडघे गेलेले. सूनबाईंनी आग्रहानं आणलेलं. तोवर तीन दिवस ते कशापुढंच थांबले नव्हते. गाइडनं तोंड उघडायच्या आतच ते क्रेउगासपुढं उभे राहून म्हणाले, "ताई, हात असा डोक्यावर घेतला की बरगडी उघडी पडती. पैलवान आपण होऊन असा हुबा ऱ्हात न्हाई. ह्येला कुणीतरी सांगितलंय." मग वळून डॅमोक्सेनोसकडं बोट केलं. "आन् ह्येची बोटं बगा. मूठ न्हाई."

माझ्या अंगावर काटा आला. गोष्ट नेमकी तीच. दिवस मावळत आला, लढत सुटेना, तेव्हा दोघांनी बोलीच केली, एकेक ठोसा द्यायचा, समोरच्यानं अडवायचा नाही. क्रेउगासनं डोक्यात मारला. डॅमोक्सेनोसनं त्याला हात वर घ्यायला सांगितलं आणि ताठ बोटं बरगडीखाली खुपसून आतडी ओढून काढली. आमची गाइड गोष्ट दर वेळी इथंच तोडते, लोक "ई" करतात, आणि आम्ही पुढं सरकतो.

"निकाल कुणाला दिला?" वस्तादांनी विचारलं.

गाइड दहा पावलं पुढं गेली होती. आणि मी, इतकी वर्षं ही गोष्ट सांगणारी, ठोकून दिलं, "जिवंत राहिला त्यालाच असणार."

त्यांनी कानातलं यंत्र काढून माझ्या हातात दिलं. सिस्टाईनमध्येही मान वर केली नाही.

रात्री हॉटेलवर पॉसेनियस या ग्रीक प्रवाशाचं वर्णन शोधून वाचलं. हातावरचे पट्टे जुन्या पद्धतीचे, बोटं मोकळी ठेवणारे. निकाल देणाऱ्या आर्गोस शहराच्या लोकांनी डॅमोक्सेनोसला हाकलून दिलं. बोली एका ठोशाची होती आणि यानं अनेक मारले, म्हणून. विजय मेलेल्या क्रेउगासला दिला.

सकाळी नाश्त्याला त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, आदल्या दिवशी फेकल्याचंही. त्यांनी शांतपणे अंडं सोललं.

"म्हंजी पाच बोटं त्ये पाच ठोसं धरलं," म्हणाले. "पंच तालमीतला हुता."

मग फ्लोरेन्सच्या बसमध्ये खिडकीची जागा मागितली.