पट्ट्यावर तिचं नाव कायले?

पट्ट्यावर बायकोचं नाव कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नागपूरच्या मेडिकल चौकाच्या अलीकडे-पलीकडे वस्त्यांमध्ये मी मालकी पट्ट्याचे, म्हणजे घराखालच्या जागेच्या हक्काच्या कागदाचे, अर्ज भरून देते. दोन-चार घरांआड हा प्रश्न येतोच: "ताई, घर मी बांधलं, विटा मी वाह्यल्या. मंग पट्ट्यावर तिचं नाव कायले?"

सरकारी जागेवरचं राहतं घर नियमात बसतं, तेव्हा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. ते तुमच्या-माझ्या मर्जीवर ठेवलेलंच नाही. आपल्या नागपुरात जागा कुठं महापालिकेची, कुठं नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यासची), कुठं नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी जमीन. त्यामुळं फाइल फिरते तीन दारांत, पण रजिस्ट्रीच्या टेबलासमोर दोघांनी बसायचं असतं.

नियम सांगून माणसाचं समाधान होत नाही, हे मला ठाऊक आहे. मग मी विचारते, विटा तुम्ही वाहिल्या, मान्य. पण नव्या भिंतीवर आठ दिवस पाणी कोणी मारलं? तेही उन्हाळ्यात, नळ अर्धा तास येत असताना. भाऊ गप्प होतात. एक मात्र गप्प झाले नाहीत. म्हणाले, "महापालिकेत १५१ पैकी ७६ जागा बायांसाठी झाल्या, आता घरातही निम्मं?" म्हटलं, हो, निम्मंच, जास्त कोणी मागितलंय?

त्यांच्याच रजिस्ट्रीला मी सोबत होते. वहिनी चार घरची धुणीभांडी करतात. मशीन त्यांचा अंगठा घेईचना. पदराला पुसून झाला, ओल्या फडक्यानं झाला, मग दुसरा हात. रेषाच उरल्या नव्हत्या हो. मागची रांग कुरकुरायला लागली. भाऊंनी हळूच विचारलं, "हिचा नाही आला तर माह्या एकट्याचा चालते का?" कॉम्प्युटरवरच्या पोराने मान वर न करता सांगितलं, "नाही चालत. दाबा बाई, अजून जोरात." सहाव्यांदा आला. वहिनी बाहेर येऊन किती तरी वेळ अंगठ्याकडेच बघत होत्या.

गंमत बघा, तिकडे मनीषनगरात फ्लॅट घेणारे असला प्रश्न विचारत नाहीत. १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. चाळीस लाखांवर चाळीस हजार वाचतात म्हटल्यावर समानता लगेच पटते!

कोणी म्हणतं, ही सगळी आताची फॅडं. तर जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब स्वतः आले होते. बायकोला काडीमोडाचा हक्क हवा, एकीवर दुसरी करणं कायद्यानं बंद व्हावं, असे ठराव तिथं झाले. आपल्या आज्या त्या मांडवात बसल्या असतील, आणि आपण अजून "कायले?" विचारतोय.

पट्ट्यावर नाव चढलं म्हणून दारू सुटत नाही, मारही थांबत नाही, हे मीही बघते. फरक एवढाच की घर कोणाला द्यायचं-घ्यायचं म्हटलं तर तिची सही लागते, आणि "निघ माह्या घरातून" म्हणताना जीभ जराशी अडखळते.

खरी अडचण वेगळीच आहे. आमच्या गल्लीत एक बाई आहे, नवरा बारा वर्षांपूर्वी निघून गेला. एका कार्यालयानं तिला सांगितलं, नवऱ्याला घेऊन या, नाही तर त्याचा मृत्यूचा दाखला आणा. तो जिवंत आहे, कुठं आहे ते माहीत नाही. दाखला कुठून आणायचा? दोघांचं नाव लागावं म्हणून केलेला रकाना, त्यात हिचं एकटीचं बसेना. आता शेजाऱ्यांचा पंचनामा आणि प्रतिज्ञापत्र जोडून पुन्हा द्यायचं ठरवलंय.

सोमवारी साडेदहाला निघतोय. पंच म्हणून दोन सह्या लागतील. एक झाली आहे. तुम्ही येता का, भाऊ?