बॉडी रडतेय!

आदल्या रात्री साडेनऊला कॉस्च्युमच्या मुलीचा फोन. "ताई, ब्लाऊजचं माप तेच आहे ना? उद्या हिरवी नऊवारी आहे." मी म्हटलं, कुणाचं लग्न काढलंय? ती घुटमळली. "नाही... तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?"

नव्हतं सांगितलं. अडीच वर्षं नायकाची आई होते मी त्या मालिकेत, आणि मी मेले हे मला ब्लाऊजच्या मापावरून कळलं. तीन-चार गुरुवार रेटिंगचे आकडे पडत होते. आकडे पडले की घरातलं कुणीतरी जातं, नायिका सोडून. ईपींना, म्हणजे मालिकेच्या एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरना, फोन लावला तर म्हणाले, "ताई, तुमच्या एक्झिटने ट्रॅक उचलेल." एक्झिट! नाटकात निदान एखादं वाक्य टाकून विंगेत जाता येतं.

सातचा कॉल होता. डोंबिवलीहून लोकल, ठाण्याहून घोडबंदर रोडला रिक्षा. हातात सीन पडला. "आई : (संवाद नाही)". पाठांतर नाही, चला.

मेकअपला एरवी वीस मिनिटं लागतात, त्या दिवशी तास गेला. ओठांवरचा रंग काढून राखाडी फासता फासता दादा म्हणाले, "तुमच्या चेहऱ्याला सुरकुत्या काढायला लागायच्या, आठवतंय?" आठवतंय तर! ३४ व्या वर्षी पहिल्यांदा आई झाले तेव्हा मुलगा २९ चा होता. तक्रार कुठल्या तोंडाने करणार? रीमा लागू सलमानची आई म्हणून १९८९ साली पडद्यावर आल्या तेव्हा ३१ च्या होत्या, आणि तो त्यांच्याहून जेमतेम साडेसात वर्षांनी लहान. ललिता पवारांचं तर १९४२ मध्ये सेटवरच्या एका थपडेने नायिकापणच संपलं. डावा डोळा कायमचा अधू झाला, आणि त्याच डोळ्याने बाईंनी पुढे कित्येक दशकं लोकांच्या सुनांना धाकात ठेवलं. आमच्या धंद्यात म्हातारपण वयाने येत नाही, कास्टिंगवाल्याच्या फोनने येतं.

बाहेर अंगणात आर्टवाले तिरडी बांधत होते. बांबू, सुतळी, वर कडबा. त्यातला एकजण गावाकडचा, गाठी बरोबर मारत होता. मला बघून ओशाळला आणि म्हणाला, "झोपून बघा ना ताई, कुठं टोचतंय का." टोचत होतं, डाव्या खांद्याला. त्याने तिथे आणखी कडबा सरकवला.

मढं होणं वाटतं तितकं सोपं नाही. डोळे घट्ट मिटले की पापण्या थरथरतात, म्हणून बुबुळं खाली वळवायची आणि पापण्या नुसत्या टेकवायच्या. अ‍ॅक्शनच्या आधी दोन मोठे श्वास घ्यायचे, मग पोटाने बारीक बारीक. छाती हलली की शॉट गेला. पण नाकात कापसाचे बोळे, म्हणजे श्वास तोंडाने, आणि तोंडावर तुळशीचं पान! पहिल्याच टेकला पान फडफडलं. कॅमेरामन हसला, दिग्दर्शक चिडला, शेवटी मेकअपदादांनी ते पान गमने ओठाला चिकटवलं. सगळ्यांना एकत्र घेणारा मास्टर शॉट झाला. ज्युनिअर आर्टिस्ट बायकांनी असा हंबरडा फोडला की मलाच वाईट वाटलं.

मग सूनबाईचा क्लोजअप. पोरगी २२ वर्षांची, कष्टाळू, पण त्या दिवशी तिला काही केल्या रडू येईना. ग्लिसरीन घातलं तर डोळे लाल झाले, चेहरा कोराच. चौथा टेक, पाचवा टेक. साडेतीन वाजलेले, अजून चार सीन बाकी, दिग्दर्शक सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडला. लाइट बदलायला दोन मिनिटं लागणार होती. ती माझ्या उशाशी बसलेली, तिचा हात कापत होता. मी डोळे न उघडता, तुळशीपत्राच्या एका कोपऱ्यातून, नाक चोंदल्यासारख्या आवाजात म्हटलं, "ए, रडायच्या भानगडीत पडू नकोस. माझा मळवट बघ, डावीकडे विस्कटलाय. तो नीट कर. घरातून जायच्या आधी नीट दिसले पाहिजे मी."

"आई, कंटिन्युइटी... आधीच्या शॉटशी जुळायला नको?"

"बघून घेईन मी."

अ‍ॅक्शन झालं. कपाळावर बोट टेकलं. हळूच, कडेने, लहान मुलाची तीट सारखी करावी तसं फिरलं. मग थांबलं. फ्लोअरवर जनरेटरची घरघर तेवढी ऐकू येत होती. मला काही दिसत नव्हतं, पण तिचा श्वास अडकला ते कळलं, आणि कुणी कट म्हणेना.

"कट, कट! सर, बॉडी रडतेय!"

कंटिन्युइटी बघणारा पोरगा ओरडला होता. माझ्या उजव्या डोळ्यातून एक ओघळ थेट कानाकडे गेला होता. मेलेल्या बाईचा! मी म्हटलं, हिचं ग्लिसरीन पडलं असेल. कुणी वाद घातला नाही. तिच्या चेहऱ्यावर टाइट फ्रेम होती, त्यामुळे तिचा टेक ओके झाला. माझा डोळा पुसून मला पुन्हा वेगळं घेतलं. मॉनिटरसमोर सगळे तिचं कौतुक करत होते. करायलाच हवं होतं.

पॅकअपच्या आधी रीतीप्रमाणे मला उठवून कॅमेऱ्यासमोर खळखळून हसायला लावलं, अपशकुन नको म्हणून. प्रॉडक्शनने पेढे दिले. पान ओठावरून निघताना कातडीचा पापुद्रा घेऊन निघालं.

जाताना बघितलं, दिवाणखान्यात माझा फोटो लागला होता, चंदनाचा हार घालून. मी ईपींना विचारलं, "हा किती एपिसोड राहणार?"

"सेट आहे तोवर, ताई."

"मग त्याचे पर डेचे पैसे?"

ते हसले. मी खरंच विचारत होते.

त्या दिवसाचे पैसे आमच्या नव्वद दिवसांच्या हिशेबाने तीन महिन्यांनी आले. त्या संध्याकाळी सहज टीव्ही लावला तर सूनबाई माझ्या फोटोसमोर उभी राहून नवऱ्याशी भांडत होती. हार बदलला होता. आता प्लॅस्टिकचा होता.