हवेत बर्फ नसतो

परवा मोबाईलवर एमुलेटर (जुने व्हिडिओ गेम चालवणारं ॲप) टाकलं आणि पहिलं काम काय केलं तर सुपर मारिओ ब्रदर्स ३ मधलं सहावं वर्ल्ड (गेमच्या आठ भागांपैकी एक) उघडलं, बर्फाचं. त्यातला दुसरा किल्ला, ज्याने एका अख्ख्या मे महिन्याची वाट लावली होती माझ्या.

गेम तसा जुना, जपानमध्ये १९८८ ला आला, अमेरिकेत १९९० ला. आमच्याकडे पोचला तो खूप नंतर, पिवळ्या कॅसेटमधून (हो कॅसेटच म्हणायचो, फुंकर मारून लावायची). त्यात सेव्ह करायची सोयच नाही, आणि आमच्याकडे दुपारचं लोडशेडिंग, म्हणजे सहाव्या वर्ल्डला कसंबसं पोचावं आणि पंखा बंद, टीव्ही बंद, सगळं परत पहिल्यापासून. मग दादाने पिपाणीची ट्रिक सांगितली. पहिल्याच वर्ल्डमध्ये दोन पिपाण्या लपवल्यात, लागोपाठ वाजवल्या की थेट आठव्यात, पण एक जपून दुसऱ्या वर्ल्डमध्ये वाजवली तर पाच सहा सात यातलं हवं ते घेता येतं. लाईट जायच्या आत बर्फात!

आता किल्ला. मारिओच्या किल्ल्यांमध्ये तो थ्वॉम्प असतो ना, रागीट तोंडाचा दगड, जवळ गेलं की धाडकन खाली येतो आणि मग सावकाश वर जातो. त्याला चकवायचं कसं, तर जरा अलीकडे थांबायचं, त्याला पडू द्यायचं, तो वर चालला की खालून सटकायचं. म्हणजे सगळा खेळ थांबण्याचा. आणि इथे खाली बर्फ! बटण सोडलं तरी मारिओ सुर्रर्र करत पुढेच, आणि उभा कुठे राहणार तर बरोब्बर त्या दगडाखाली. नवीन काहीच दिलेलं नाही हो, फक्त फरशी बदलली, आणि आधीच्या पाच वर्ल्डमध्ये हाताला लागलेली सवयच उलटली. मला हे डिझाईन आजही भारी वाटतं, तेव्हा मात्र रिमोट आपटला होता.

(बाकीच्या लेव्हल्समध्ये नाणी बर्फात गोठलेली असतात, आगीचा गोळा मारला की सुटतात, आणि त्याच नादात कधी आतली चावरी झाडंही सुटतात. हौसेने मारायचो आणि मरायचो.)

दादा मागून ओरडायचा, "अरे चालतोस काय, उड्या मार, हवेत बर्फ नसतो!" तेव्हा वाटायचं टाइमपास करतोय माझा. पण खरंच तसं आहे, छोटी उडी मारायची, हवेतच उलटं बटण दाबायचं, मग खाली येतो तेव्हा वेग जवळपास संपलेला असतो. परवा हे जमायला लागलं तेव्हा कळलं. शेवटी किल्ल्याचा राखणदार तो बूम बूम, हात फिरवत धावणारा, त्याच्या डोक्यावर तीन उड्या, खलास. नकाशावर किल्ला ढासळतो आणि पुढचं कुलूप उघडतं, ते बघायला मी तेव्हा किती तरसलो होतो!

एमुलेटरमध्ये हवं तिथे सेव्ह होतं, तरी अकरा वेळा मेलो, खोटं कशाला बोलू. स्क्रीनशॉट दादाला पाठवला.

त्याचा रिप्लाय, "पिपाणी वाजवून गेलास ना?"

वाजवली होती.