आमची वाटचाल : सातव्या वांकाची खाच

आम्ही सुरुवात केली तेव्हा लाकडी जहाजांच्या छोट्या प्रतिकृती घरी जोडायचे संच इटली-स्पेनहून यायचे. डबा उघडला की अक्रोडाच्या पट्ट्या, पितळी तोफा, आणि जहाजं सगळी त्यांचीच. आंग्र्यांची गुराब, म्हणजे त्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज, कुणाच्याच यादीत नव्हती. ती आम्ही कुडाळच्या एमआयडीसीत, भाड्याच्या गाळ्यात काढली.

लाकूड म्हटलं की जो तो सागच सुचवायचा. मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानातून बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला अजून टिकून आहे, कबूल. पण १:४८ प्रमाणात जहाज लहान होतं, सागाचे रेषे होत नाहीत. मिलिमीटरभर जाडीची पट्टी नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, वळवली की चिरते. शेवटी हेदूच्या लाकडावर आलो : पिवळसर, बारीक पोताचं, कानशीला गुळगुळीत.

पहिले भागीदार आमचे मेस्त, म्हणजे मिस्त्री. उभी हयात होड्या बांधण्यात गेलेली. भांडवलात एक रुपया नाही, पण तळहातात मावेल असा शिसवी रंधा त्यांनी स्वतः घडवून आणला. आमच्याकडे आजही पट्टी निमुळती करायला तोच लागतो. मी ओली न करताच पट्टी दाबून बसवायला लागलो की ओरडायचे, “दांडगाय करू नको रे, भिजव आदी!”

पुढची काही वर्षं बरी गेली.

मग एका मोठ्या विक्रेत्याने आमचीच गुराब जवळपास निम्म्या किमतीत बाजारात आणली. नाव घेत नाही, धंद्यातल्या लोकांना माहीत आहे. डब्यावर लिहिलं ‘नवशिक्यांसाठी’. तीन डोलकाठ्यांची गुराब, पुढे निघालेली लांब नाळ, तिच्यावरून मारा करणाऱ्या दोन तोफा, आणि नवशिक्यांसाठी! दुकानांनी आमच्या ऑर्डरी रद्द केल्या. लेझर मशीनचा हप्ता थकला, दोन मुलांना घरी पाठवावं लागलं. वकिलाने विचारलं, नक्कल आहे याला पुरावा काय?

पुरावा दिला डोंबिवलीच्या काकांनी. मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले, आमचं पहिलं गलबत घेणारे. एकेका वल्ह्यावरून फोन करायचे. आमची माहितीपुस्तिका म्हणजे त्यांच्या तक्रारींची वहीच आहे. त्यांनी मुद्दाम तो स्वस्त डबा विकत घेतला आणि फोन केला, “अरे, सातव्या वांकावरची खाच बघ.” वांक म्हणजे जहाजाच्या सांगाड्याची बरगडी. ती खाच आमच्या आधीच्या नमुन्यातली, आता तिचं काहीच काम नाही. ती तशीच्या तशी त्या विक्रेत्याकडे! वर त्यांचं तीन मिलिमीटरचं प्लाय प्रत्यक्षात त्याहून पातळ, म्हणून वांक कण्याच्या खाचेत लडबडत होता. चोरताना मापसुद्धा घेतलं नाही.

नोटीस गेली, उत्तर आलं नाही. तो डबा अजून विकला जातो. लोक परत आमच्याकडे आले ते अर्धवट सांगाडे घेऊन, “पट्ट्या बसत नाहीत हो” म्हणत.

बसणार कशा? कणा सपाट काचेवर ठेवून सरळ आहे का ते आधी बघा. लेझरने जळलेली काळी कड घासून काढा, तिच्यावर फेव्हिकॉल धरत नाही. वांकांच्या कडा तिरक्या घासल्याशिवाय पहिली पट्टी लावू नका. एक डावीकडे, एक उजवीकडे, असंच चढा; एकच बाजू भरत गेलात तर कणा पिळतो. आणि नाळेपाशी पट्ट्या एकमेकींवर चढायला लागल्या की दामटू नका, निमुळत्या करा. महागडी हत्यारं नकोत. धारदार कटर, पिन व्हाइस (बारीक भोकं पाडायचं हाताचं ड्रिल), चार कानशी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे पुरतात.

पहिल्यांदाच करणाऱ्याला आम्ही गुराब देत नाही. एका डोलकाठीचा मचवा घ्या, तो पुरा करून फोटो पाठवा, मग बोलू. यावर गिऱ्हाइकं रागावतात. रागावू देत.