तुम्ही विचारलंत म्हणून : चुकांवर पांघरूण घालणे, हेच तुमचे काम ना?

मी जनसंपर्क अधिकारी आहे असे सांगितले की समोरची व्यक्ती किंचित हसून विचारते, ‘म्हणजे संस्थेच्या चुकांवर पांघरूण घालायचे, हेच ना?’ हा प्रश्न नातेवाइकांनी विचारला आहे, या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी विचारला आहे आणि एकदा तर नव्याने रुजू झालेल्या लेखापालांनीही विचारला आहे. प्रश्नात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही; पण माझा बहुतेक दिवस ज्या कामात जातो, ते या प्रश्नात कुठेच येत नाही.

लोकांना दिसते ते प्रसिद्धिपत्रक, पत्रकार परिषद आणि वर्तमानपत्रातील कात्रण. हे सगळे घडण्यापूर्वी मी संस्थेच्या आतच प्रश्न विचारत फिरत असतो. उत्पादन विभाग एक आकडा सांगतो, विक्री विभाग दुसरा. कायदा विभागाला दोन्ही नको असतात आणि वरिष्ठांना दोहोंपेक्षा मोठा हवा असतो. यातून खरा आकडा शोधणे आणि तो बाहेर सांगता येईल अशा भाषेत, सर्वांच्या संमतीने लिहिणे, हे लेखनकौशल्यापेक्षा चिकाटीचे काम आहे.

एक प्रसंग सांगतो. मी पूर्वी ज्या संस्थेत होतो, तिच्या गोदामाला संध्याकाळी आग लागली आणि तासाभरात निवेदनाचा मसुदा माझ्यापुढे आला : ‘गोदामात लागलेल्या किरकोळ आगीवर तातडीने नियंत्रण मिळविण्यात आले असून कोणालाही इजा झालेली नाही.’ ‘किरकोळ’ हा शब्द मी काढला, कारण नुकसान अजून कोणी पाहिलेलेच नव्हते. ‘तातडीने’ काढून वेळ घातली. ‘कोणालाही इजा झालेली नाही’ याबाबत मी सुरक्षा विभागाला दूरध्वनी केला. आत कोणी नव्हते, असे त्यांनी ठामपणे सांगितले आणि मी ते वाक्य तसेच ठेवले. रात्री एका वार्ताहराने मला विचारले की, धुराने गुदमरलेला तुमचा एक हमाल रुग्णालयात दाखल आहे, त्याचे काय? तो कंत्राटी कामगार होता, परस्पर रुग्णालयात गेला होता आणि सुरक्षा विभागाच्या यादीत त्याचे नावच नव्हते. तो दोन दिवसांत बरा होऊन घरी गेला. आम्हाला मात्र त्याच रात्री दुरुस्तीचे निवेदन काढावे लागले, आणि पुढचे कित्येक महिने तो वार्ताहर माझे प्रत्येक वाक्य दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घेत असे, यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. तेव्हापासून मी ‘अमुक वाजेपर्यंत मिळालेल्या माहितीनुसार’ असे लिहितो आणि कंत्राटदाराचा हजेरीपट मागवल्याशिवाय माणसांविषयी एक शब्दही बाहेर जाऊ देत नाही.

अपघातानंतर काय सांगायचे, हा पेच या व्यवसायाच्या जन्मापासूनचा आहे. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळून पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे सल्लागार आयव्ही ली यांनी कंपनीला माहिती दडवण्याऐवजी स्वतःहून देण्यास राजी केले. तेव्हा काढलेले निवेदन आधुनिक काळातील पहिले प्रसिद्धिपत्रक मानले जाते. आपण पुरवतो तो मजकूर म्हणजे जाहिरात नव्हे आणि तो अचूक असेल, अशी ग्वाही लींनी त्याच वर्षी वृत्तपत्रांना दिली होती. (याच लींवर पुढे १९३० च्या दशकात, एका जर्मन रसायन कंपनीचे सल्लागार म्हणून नाझी राजवटीला साहाय्य केल्याचा ठपका आला, हेही नव्याने येणाऱ्यांना सांगायला हवे.)

जाहिरातीत जागा विकत घेता येते, तिथे शब्दही आपले असतात. बातमीत दोन्ही गोष्टी संपादकाच्या हातात असतात, आणि ‘एवढी बातमी छापून आणाच’ म्हणणाऱ्या वरिष्ठांना हे पुन्हापुन्हा समजावावे लागते. वार्ताहराचा दूरध्वनी त्याची मजकूर देण्याची वेळ टळण्यापूर्वी घेणे, ठाऊक नसेल तर तसे सांगून ठरल्या वेळी उत्तर देणे, एकाला दिलेली माहिती दुसऱ्याकडे न फोडणे, यावरच आमची पत टिकते. ओळखीपाळखी त्यानंतर येतात.

ग्लेन ब्रूम आणि डेव्हिड डोझियर या अभ्यासकांनी आमच्या भूमिकांची ढोबळ विभागणी केली आहे : मजकूर तयार करणारा तंत्रज्ञ आणि निर्णयप्रक्रियेत बसणारा व्यवस्थापक. माझ्या अनुभवात फरक बोलावणे कधी येते एवढाच आहे. निर्णय झाल्यावर बोलावले तर मी टंकलेखकापेक्षा फार वेगळा नसतो. आधी बोलावले, तर ‘हा निर्णय कर्मचाऱ्यांना वर्तमानपत्रातून कळला तर काय होईल?’ एवढे तरी विचारता येते, आणि कधीकधी तेवढ्याने निर्णयच बदलतो.

मोजमापाचे अजूनही कठीणच आहे. छापून आलेली जागा जाहिरातीच्या दराने मोजून पैशांत दाखवण्याची रीत जनसंपर्काच्या मोजमापासाठी २०१० साली ठरलेल्या बार्सिलोना तत्त्वांनी नाकारली, तरी वर्षअखेरीस माझ्याकडे कात्रणांची फाइल मागितली जातेच, आणि ती जाड असावी अशी अपेक्षाही असते.

आता पांघरुणाविषयी. तसे सांगितले जाते, आणि बहुतेक वेळा ‘हे उद्या उघड झाले तर खुलासा कोणाच्या सहीने जाईल?’ या प्रश्नावर विषय मिटतो. एकदा मात्र तो मिटला नाही, आणि खरे कारण ठाऊक असूनही मी निवेदनात ‘तांत्रिक कारणास्तव’ असे लिहिले. ते जसेच्या तसे छापून आले. त्या वर्षीच्या फाइलमध्ये ते कात्रण मी लावले नाही.