तुम्ही विचारलंत म्हणून : मेम्फिसचं ते हॉटेल

हॉटेलांच्या इतिहासावर बोलायला लागलो की हा प्रश्न हमखास येतो : एवढी राजेशाही हॉटेलं सोडून तुम्ही अमेरिकेतल्या मेम्फिस शहराबाहेरच्या त्या साध्या ‘हॉलिडे इन’मध्येच का रमता? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ते हॉटेल एका बापाच्या संतापातून उभं राहिलं.

1951 च्या उन्हाळ्यात मेम्फिसमध्ये घरं बांधणारे केमन्स विल्सन बायको आणि पाच मुलांना घेऊन मोटारीने वॉशिंग्टनला निघाले. वाटेतल्या मोटेलांत दर मुलामागे दोन डॉलर जास्त लागायचे. मुलं झोपणार आईवडिलांच्याच खोलीत, तरी सहा डॉलरची खोली सोळाला पडायची. विल्सन भडकले, पण नुसते भडकून बसले नाहीत. मुक्काम पडेल तिथे खोल्यांची लांबीरुंदी मोजत गेले.

ऑगस्ट 1952 मध्ये समर अव्हेन्यूवर, नॅशव्हिलकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, त्यांचं 120 खोल्यांचं हॉटेल उघडलं. या हॉटेलाच्या बांधकामाचे नकाशे काढणाऱ्या एडी ब्लूस्टीन यांनी ‘हॉलिडे इन’ हा 1942 चा चित्रपट पाहिला होता. त्यांनी नकाशावर गमतीने ते नाव लिहिलं आणि विल्सननी तेच ठेवलं. शहराच्या मध्यात अशा हॉटेलाला जागा परवडली नसती. इथे गाडी थेट खोलीपाशी लावता यायची. पोहायला तलाव होता, खोलीत टेलिफोन आणि टीव्ही होता. खोल्या सजवल्या विल्सन यांच्या आईने. आणि आईबापांसोबत आलेल्या मुलांचे पैसे नाहीत! दिवसभर गाडी हाकून डोळे मिटायला लागलेल्या माणसाला रस्त्यावरची ती उंच हिरवी-पिवळी पाटी दिसली की केवढा धीर येत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढे त्याच नावाची हॉटेलं देशभर झाली.

पण या गोष्टीचा दुसरा भाग सांगितल्याशिवाय मला थांबता येत नाही. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांसाठीच्या हॉटेलांत कृष्णवर्णीय कुटुंबाला खोली मिळत नसे, मग मुलांचे पैसे लागोत की न लागोत. असे प्रवासी 1936 पासून निघणारं ‘ग्रीन बुक’ जवळ ठेवत आणि आपल्याला कुठे थारा मिळेल ते त्यात शोधत. मेम्फिसमध्येच लोरेन मोटेल होतं, तिथे त्यांना दार उघडं असे. हॉटेलांतल्या वर्णभेदाला बंदी घालणारा 1964 चा नागरी हक्क कायदा आला तेव्हा अटलांटातल्या 216 खोल्यांच्या एका मोटेलाने कृष्णवर्णीयांना खोल्या द्यायचं नाकारलं आणि कायद्यालाच न्यायालयात आव्हान दिलं. 14 डिसेंबर 1964 ला सर्वोच्च न्यायालयाने त्या मोटेलाविरुद्ध निकाल दिला.

म्हणून मेम्फिसच्या त्या हॉटेलाचं उद्घाटन कधी झालं असं कुणी विचारलं, की मी 1952 सांगतो आणि लगेच 1964 ही सांगतो.